आज काय वेगळं?

स्वतःच्याच घराची बेल वाजवून, आतून ‘या’ ऐकू येईपर्यंत पायरीवर उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. किल्ली खिशात असायची. दार बहुतेक वेळा नुसतं लोटलेलं असायचं. तरी सर बेल वाजवायचे, एक पायरी खाली उतरायचे आणि पिशवी हातात धरून, दाराकडे पाठ करून थांबायचे. आतून काकूंनी ‘या’ म्हटलं की मग चपला काढायच्या. दोघांचं काही बिनसलेलं असलं की ‘या’ यायला वेळ लागायचा. एकदा मे महिन्यात भर दुपारी ते कोथिंबिरीची जुडी घेऊन इतका वेळ उभे होते की जुडीने मान टाकली. मी म्हटलं, “सर, दार उघडंच आहे.”

“उघडं आहे म्हणून काय झालं? उघडं दार म्हणजे आमंत्रण नव्हे. एवढं कळलं की अर्धा कोर्स झाला.”

कोर्स कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा होता. एखाद्याच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून शिरता येतं का, ते त्याच्याच परवानगीने तपासून बघायचं. आणि कोणी परवानगीशिवाय शिरत असेल तर ते ओळखायचं. भोपाळच्या पिपलानीत, कारखान्याने निवृत्त लोकांना भाड्याने दिलेल्या एका क्वार्टरच्या पुढच्या खोलीत हा कोर्स चाले. सर त्याच कारखान्यात आधी मशीनचे पॅनेल आणि मग सगळं नेटवर्क सांभाळून निवृत्त झालेले. मूळचे नागपूरचे, पण जन्म भोपाळात गेलेला, त्यामुळे मराठी बोलता बोलता ‘वो क्या है ना’ म्हणत हिंदीत शिरायचे आणि परतायचं विसरून जायचे.

दाराच्या याच शिस्तीत पुढे एक गोष्ट बिघडली, आणि ती त्यांना तोंडावर सांगायची की नाही हे मला ठरवावं लागलं. पण त्याआधी माणूस कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर मला ते सांगणं इतकं जड का गेलं ते कळायचं नाही.

मी तेव्हा करोंदच्या मंडीत एका धान्याच्या आडत्याकडे कॉम्प्युटरवर बसायचे. एका सकाळी ऑफिस उघडलं तर सगळ्या फायलींना कुलूप. एकही उघडेना आणि पडद्यावर इंग्रजीत धमकी. शहरातून एक जण आला, त्याने सगळं पुसून नवं बसवून दिलं आणि गेला. आमचे सेठजी रागावले नाहीत. ते फक्त माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचे, “बिटिया, ये आया किधर से?” मग चहा पिऊन पुन्हा, “पर आया किधर से?” घरी जाताना बसमध्ये, जेवताना, झोपताना मला तोच प्रश्न. आला कुठून? बाबांच्या ऑफिसातल्या कोणीतरी सरांचं नाव सांगितलं आणि मी आमच्या अरेरा कॉलनीहून दोन बस बदलून पिपलानीला जाऊन उभी राहिले.

सगळी हकीकत ऐकून सरांनी विचारलं, “तुमच्या ऑफिसात रोज कोण कोण येतं?”

“पुष्कळ लोक येतात, सर. शेतकरी, हमाल, ड्रायव्हर...”

“तसं नाही. कॉम्प्युटरमध्ये कोण येतं?”

कॉम्प्युटरमध्ये रोज कोणी येत असतं हेच मला माहीत नव्हतं.

“मग वेगळा कोण आला ते कसं सांगणार? आधी रोजचं ओळखा.” आणि त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर न बसवता व्हरांड्यात खुर्ची टाकून दिली. पहिला आठवडा यंत्राला हात लावायचा नाही, गल्ली बघायची. हाच त्यांचा पहिला धडा. याच धड्याला कंटाळून निम्मे विद्यार्थी पळून जायचे, आणि सरांना त्याचं काही वाटत नसे.

मी मात्र रमले. कारखान्याचा भोंगा, त्यामागून पाळीवर निघणाऱ्या स्कूटर, दूधवाला, समोरच्या क्वार्टरमधल्या आजोबांचं तेच भजन, कबाडीवाल्याची हाक. चार दिवसांत मला कळायला लागलं की भोंगा झाला आणि निळी स्कूटर गेली नाही तर माझा जीव उगाच टांगणीला लागतो. एका सकाळी भाजीवाला उलट्या बाजूने आला. मी धावत आत गेले, “सर, वेगळं!”

“धोक्याचं आहे?”

“माहीत नाही.”

“बरोबर उत्तर,” ते म्हणाले. “वेगळं म्हणजे वाईट नव्हे. जा, बघून या.” पलीकडचा रस्ता खणला होता, एवढंच. परत येऊन तसं सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की काकूंना चिवडा काढायला लावला.

सवयी तर विचारू नका. कोणी पासवर्ड टाकू लागलं की सर उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, आणि “झालं” ऐकल्याशिवाय वळायचे नाहीत. एटीएमच्या रांगेत पुढच्या माणसाकडे पाठ फिरवायचे. मागच्याला वाटायचं हे पैसे काढून निघाले, तो पुढे सरकायचा, आणि सर रांगेत मागे मागे जात बँक बंद होताना घरी यायचे. कोणाच्या स्क्रीनकडे बघण्याआधी “बघू का?” असं विचारायचे, आमच्यातला एखादा वैतागून म्हणायचा, “सर, शिकायलाच आलोय, बघा की!” तरी पुढच्या वेळी “बघू का?” आहेच. विद्यार्थ्याला अहोजाहो करायचे. ज्याने पहिल्यांदा स्वतःहून काही पकडलं, त्याला त्या दिवसापासून ‘तू’. आम्हाला सर्टिफिकेट वगैरे काही नव्हतं. तो ‘तू’ हेच सर्टिफिकेट.

खोलीत त्यांनी जुनी यंत्रं जोडून एक खोटंखोटं ऑफिस तयार केलं होतं. त्यावर आम्ही हल्ले करायचो. पण आधी परवानगीचा अर्ज. मी लिहिला, ‘आपल्या यंत्रांवर हल्ला करण्याची परवानगी मिळावी.’ सरांनी चष्मा लावून वाचला आणि वर बघून विचारलं, “किती वाजेपर्यंत?”

“सर?”

“तुम्ही आत येणार, ते कळलं. जाणार कधी? आणि काय करणार नाही तेही लिहा. जो कधी जाणार ते सांगत नाही, तो पाहुणा नव्हे.”

एक जण हल्ला करायचा, एक जण पहारा द्यायचा. हल्ल्यात आमचा रेहान पुढे. जुन्या शहरातला पोरगा, कॉलेजातून थेट येणारा, तोंड आणि बोटं दोन्ही चालू. “अरे खां, ये दरवाज़ा तो कागज़ का है!” असं भोपाळी थाटात म्हणत तो कुठल्याही यंत्रात शिरायचा. मला शिरता यायचं नाही. दार ढकलायच्या आधी मी थबकायचे. पण पहाऱ्यावर बसले की मला बरं वाटायचं. यंत्रं आपापसात काय बोलली, कोण कधी आलं, त्याच्या नोंदी पडद्यावर सरकत राहतात. त्यांनाच लॉग म्हणतात. बाकीच्यांना त्या वाचताना झोप यायची, आणि मला ती पिपलानीची गल्ली वाटायची.

रेहानने एकदा सरांच्या यंत्रात खरंच एक फट शोधली आणि सगळ्या वर्गासमोर ओरडून जाहीर केली. सर दिवसभर फुरंगटून बसले. फटीचं दुःख नव्हतं. “मुझे पहले बताना था ना, भाई,” एवढंच म्हणाले. नंतर आम्हा सगळ्यांना सांगितलं, “सापडलं म्हणजे काम झालं नाही. सांगितलं म्हणजे झालं. आणि ज्याचं दार, त्याला आधी. एकट्याला. हसायचं नाही, घाबरवायचं नाही, पुरावा द्यायचा.”

आणि रोजचा खेळ. वर्ग सुरू झाला की सर आपल्या वेताच्या खुर्चीत बसून विचारायचे, “आज काय वेगळं?” त्यांनी कुठेतरी काहीतरी बदलून ठेवलेलं असायचं. घड्याळ थोडं पुढे, तुळशीची कुंडी पायरीच्या दुसऱ्या बाजूला, स्वेटर उलटा, कधी काकूंच्या चपला घालून बसलेले. आम्ही शोधत असायचो आणि सर निर्विकार चेहऱ्याने पंख्याकडे बघत असायचे. चेहरा पक्का होता, पण उजवा पाय फितूर. जोपर्यंत कोणी पकडत नाही तोपर्यंत तो पाय टपटप हलत राहायचा. पकडलं की थांबायचा. ही गोष्ट माझ्याखेरीज कोणाच्या लक्षात आली नव्हती आणि मीही कोणाला सांगितली नाही. कशाला सांगू? पाय हलतोय तोवर मी शोधणं सोडायचे नाही, आणि त्या जोरावर बऱ्याचदा जिंकायचे.

माझा ‘तू’ मला मंडीमुळे मिळाला. फायलींना कुलूप लागलं तेव्हा आमच्या धर्मकाट्याचा, म्हणजे ट्रक तोलायच्या मोठ्या काट्याचा जुना कॉम्प्युटर तेवढा वाचला होता. त्यातल्या नोंदी बघाव्यात असं मी म्हटलं, तर सर म्हणाले, “सेठजींची लेखी परवानगी.” सेठजींनी पावतीच्या मागे लिहून दिलं, ‘देख लो.’ सरांनी परत पाठवलं. मग आलं, ‘सब देख लो.’ तेही परत. तिसऱ्या खेपेला सेठजींनी फोनच केला, “मास्टर साहब, आप आदमी हो कि तहसील?” शेवटी कोणतं यंत्र, कुठून कुठपर्यंत, काय करणार नाही, सगळं लिहून झालं, आणि नोंदींची प्रत घेऊन मी पिपलानीला आले.

काट्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लोकांनी दुरुस्तीसाठी बाहेरून आत यायची एक वाट ठेवली होती. त्या वाटेने रोज ये-जा दिसत होती. रेहान म्हणाला, “सब क्लीन है. मेंटेनन्सवाले हैं.” मलाही तसंच वाटलं. पण एका तारखेपाशी माझी नजर अडकली. बाकीच्या दिवशी नोंदींची नुसती झुंबड, आणि त्या दिवशी एकच नोंद, एकटी.

“सर, त्या दिवशी मी ऑफिसात नव्हते. कोणीच नव्हतं.”

“रविवार होता?”

“नाही.” मी काकूंना हाक मारली, “काकू, कॅलेंडर आणता का जरा?” काकू कणकेच्या हाताने भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आल्या. तारीख सापडली. अमावास्या.

आमची मंडी अमावास्येला बंद असते. लिलाव नाही, तोल नाही, काट्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. दुरुस्तीवाल्यांना फोन लावला तर ते म्हणाले, “मैडम, अमावस को हम आते ही नहीं, आपके यहाँ कोई फोन ही नहीं उठाता.” मग तो आला होता कोण? मागच्या अमावास्या बघितल्या. तिथेही तोच, एकटा. बाकीच्या दिवशी तो गर्दीत मिसळून जायचा. त्या दूरच्या माणसाला, तो कोण होता कुठला होता देव जाणे, करोंदची मंडी अमावास्येला बंद असते हे ठाऊक नव्हतं.

सर खुर्चीतून उठले. खोलीत एक फेरी मारली. “हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही,” ते काकूंना म्हणाले, जणू काकूंनीच शंका घेतली होती. मग माझ्याकडे वळले. “तू पकडलंस.” मला रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही, त्या ‘तू’ने मला खरंच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी सेठजींना सांगितलं, “सेठजी, काँटे के रास्ते से आया. अमावस को.” ते उठून काट्यापाशी गेले. “और हम समझते थे अमावस को कोई नहीं आता,” म्हणाले.

आता ती बिघडलेली गोष्ट.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सरांचा खेळ अवघड व्हायला लागला. आधी वस्तू बदलायच्या, आता ते स्वतःच बदलू लागले. रेहानला त्यांनी भलत्याच नावाने हाक मारली, जुन्या कोणा विद्यार्थ्याच्या. वर्ग ओरडला, “पकड लिया, सर!” सर क्षणभर थांबले आणि मग हसले, “शाब्बास.” एकदा आदल्या दिवशीचा धडा त्यांनी जसाच्या तसा पुन्हा शिकवला, त्याच विनोदांसकट. शेवटी आम्ही टाळ्या वाजवल्या. केवढी मेहनत घेतात सर खेळासाठी! चहाच्या कपात चष्मा ठेवला तेव्हा तर पोरांनी शिट्ट्या मारल्या. सरांनी आम्हाला शिकवलंच होतं की वेगळं दिसलं की आनंद करा, आणि आम्ही इमानेइतबारे आनंद करत होतो. दुसऱ्या कुठल्याही घरात हे लगेच कळलं असतं. आमच्याकडे त्यावर टाळ्या पडायच्या.

मीही वाजवल्या. फक्त एक गोष्ट मला खटकत होती. पाय हलत नव्हता.

मी मनाशी म्हटलं, पायावर ताबा आला असेल. वेगळं म्हणजे वाईट नव्हे. पण मधूनच ते कुंडी वगैरे हलवायचे तेव्हा पाय पूर्वीसारखाच टपटपायचा. म्हणजे बदल दोन प्रकारचे होते. काही त्यांनी ठेवलेले, आणि काही त्यांनी न ठेवलेले. न ठेवलेलं आम्ही पकडलं की ते आधी एक क्षण आमच्या तोंडाकडे बघायचे, कशाबद्दल ओरडतोय ते शोधायचे, आणि मग ‘शाब्बास’ म्हणायचे. मला त्यातलं कोडंच आधी दिसलं, माणूस नंतर.

एका रविवारी सकाळी मी आणि रेहान बसमधून उतरून येत होतो. सरांच्या गल्लीच्या अलीकडच्या गल्लीत, अगदी तसंच क्वार्टर, तसाच व्हरांडा, तशीच पायरी. त्या दारातून तिवारी आंटी सरांना हात धरून बाहेर आणत होत्या. आंटींना आम्ही येता-जाता बघायचो तेवढीच ओळख. रेहानने टाळीच वाजवली, “वाह सर! आज तो दूसरे के घर में घुस के दिखाया!”

सर आमच्याकडे बघून म्हणाले, “शाब्बास. चला.” आणि झपाझप पुढे निघाले. घरापाशी आले, बेल वाजवली, एक पायरी उतरून उभे राहिले. काकूंचं ‘या’ त्या दिवशी फार लवकर आलं.

मी काहीतरी विसरल्याचं निमित्त करून मागे फिरले.

“आंटी, सर ने पहले से पूछा था क्या? कि आज ऐसे आएँगे?”

“नहीं तो बेटा. सीधे अंदर आए, सोफ़े पर बैठे, बोले चाय रखो. मैंने रख दी. भले आदमी हैं, क्या बोलती?”

“बेल बजाई थी?”

“ना. दरवाज़ा खुला था.”

मी तिथेच त्यांच्या पायरीवर बसले. कपात चष्मा ठेवणं, नाव चुकणं, यात अजून शंकेला जागा होती. पण दुसऱ्याच्या दारावर, न विचारता, खेळ? सर मेले असते तरी त्यांनी तो केला नसता. आणि आपलं घर समजून गेले असतील, तर बेल कुठे गेली?

आता सांगायचं कोणाला? काकूंना सांगणं सोपं होतं. त्यांच्या मुलीला पुण्याला फोन लावणं त्याहून सोपं. सगळेच असं करतात, ज्याचं आहे त्याला वगळून बाकी सगळ्यांशी कुजबुजतात. पण मला शिकवलेलं तसं नव्हतं. ज्याचं दार, त्याला आधी. मला भीती वाटत होती ती अशी की ते खचतील, वर्ग बंद होईल आणि तो मी बंद केलेला असेल. न सांगावं तर आम्ही टाळ्या वाजवत राहणार, आणि एक दिवस ते रस्ता ओलांडून कुठल्या तरी भलत्याच दारात जाणार.

पुढच्या वर्गाच्या आधी, सकाळी लवकर गेले. बेल वाजवली. थांबले. सरांनीच ‘या’ म्हटलं. काकू मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या.

“सर, एक रिपोर्ट द्यायचाय. परवानगी हवी होती.”

“कुठल्या यंत्राचा?”

“यंत्राचा नाही, सर.”

त्यांनी मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. “काय काय बघितलंस?”

“जे वर्गात सगळ्यांना दिसलं तेवढंच. आणि तिवारी आंटींना दोन प्रश्न विचारले. त्यापलीकडे कुठे हात लावला नाही.”

“अजून कोणाला सांगितलंस?”

“नाही.”

“मग सांग.”

मी सांगितलं. नाव, धडा, चष्मा, बेल. क्रमाने सांगितलं. ते मधेच म्हणाले, “हे सगळं खेळातलं असू शकतं. पुरावा?”

“पाय, सर.”

“कुठला पाय?”

“तुम्ही मुद्दाम काही बदललं की उजवा पाय हलतो. कोणी पकडेपर्यंत. या सगळ्या वेळी तो हलला नाही.”

सरांनी वाकून स्वतःच्या पायाकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. आणि मग, मी कधी विसरणार नाही, त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं कुतूहल आलं. “हलतो? दरवेळी? अरे! आणि मला पत्ताच नाही!” ते मोठ्याने हसले. “म्हणजे तू इतके दिवस लबाडीने जिंकत होतीस!”

“हो, सर.”

हसू विरलं. “खोटा अलार्म असेल का गं?”

“असू शकेल. ते डॉक्टर सांगतील. मला नाही सांगता येणार.”

“बरोबर उत्तर.” मग हळूच म्हणाले, “मलाही कळत होतं. तुम्ही ओरडायचात तेव्हा कळायचं की काहीतरी झालं. शाब्बास म्हटलं की निभून जायचं.”

ते उठले. मला वाटलं आत जातील. ते पुढच्या दाराने बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. काकू अंगणातून ओले हात पदराला पुसत आल्या, मला एकटीला खोलीत बघून गोंधळल्या, आणि सवयीने म्हणाल्या, “या.”

सर चपला काढून आत आले. “मला तुला एक सांगायचंय. सांगू का?”

काकूंनी पुसलेले हात पुन्हा एकदा पदराला पुसले. मग म्हणाल्या, “सांगा की. कधीची वाट बघतेय मी.” आणि भिंतीला टेकून तिथेच खाली बसल्या. मी दोघांना नमस्कारही न करता बाहेर आले.

वर्ग बंद झाला नाही. रेहान आता नोकरीला लागलाय, पण रविवारी येऊन शिकवतो. पहिला आठवडा गल्ली बघायला लावतो आणि शिव्या खातो. मी इथल्याच एका ऑफिसात पहाऱ्याच्या कामावर आहे, दिवसभर नोंदी वाचते, आणि मला अजून झोप येत नाही. डॉक्टरांचं औषध चालू आहे. बरं होण्यातलं दुखणं नाही, पण धीमं आहे. सरांना घर ओळखायची खूण म्हणून काकू कुंडी पायरीच्या ठरलेल्या बाजूलाच ठेवतात, आणि ती हलवायला कोणाला परवानगी नाही, सरांनासुद्धा.

मी गेले की बेल वाजवते, एक पायरी खाली उतरते, रस्त्याकडे तोंड करून थांबते. बहुतेक वेळा सरच दार उघडतात. कधी नावाने हाक मारतात. कधी नुसते बघत राहतात, आणि मग अगदी अदबीने विचारतात, “आपण कोण?” अहोजाहो पुन्हा सुरू. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी घरी जाईपर्यंत बसमध्ये रडत होते. आता मी चेहऱ्याकडे बघतच नाही, आधी पायाकडे बघते. बहुतेक वेळा तो शांत असतो, आणि मी माझं नाव सांगते, कुठली, कोणाची, सगळं पहिल्यापासून.

गेल्या रविवारी गेले. दार उघडलं. सरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “आपण कोण?”

मी खाली पाहिलं. उजवा पाय टपटप हलत होता.

“पकडलं, सर,” मी म्हटलं. “आत येऊ?”

पाय थांबला. “ये,” ते म्हणाले. “किती वाजेपर्यंत?”